अण्णांच्या कानातली बोंडं

मागांचं एक गाव होतं. सकाळी वीज आली की घरोघरचे यंत्रमाग सुरू होत आणि साऱ्या गावावर खटाक-खट, खटाक-खट असा आवाज पसरे. त्या गावातली माणसं घरात जेवतानासुद्धा ओरडून बोलत. नव्या पाहुण्याला वाटे, कडाक्याचं भांडण चाललंय. भांडण नसे, कोणीतरी मीठ मागत असे.

त्या गावाची एक रीत होती. वीज असताना एखाद्या घरचे सगळे माग एकाएकी थांबले, तर शेजारी हातातलं काम टाकून धावत येत. कारण माग हे पोट. ते कोणी उगीच थांबवत नसे. घरात कोणी आजारी पडलं असेल, नाहीतर कोणी गेलं असेल, असंच लोक धरून चालत.

या गावात विरूपाक्षअण्णा नावाचे एक विणकर राहत. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये चार माग. अण्णा मागांमधून फिरत, सुताची तुटलेली तार जोडत, मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातली रिकामी कांडी काढून भरलेली घालत. त्या कांड्या त्यांची बायको कलावती भरत असे. कोपऱ्यात बसून, मान खाली घालून ती दिवसभर सूत गुंडाळी, आणि दिवसभर तिचे ओठ हलत.

गावाची खात्री होती की कलावतीकाकू देवीचा जप करतात. शेडच्या दारावरून जाणाऱ्या बायका तिला बघून हात जोडत. अण्णांनाही तसंच वाटे. तिच्याशी काही काम निघालंच तर ते हाताच्या खुणेनं सांगत, जप मोडू नये म्हणून. कधी तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, तर अण्णा भक्तिभावानं मान डोलावत. चालू दे, चालू दे, असा त्याचा अर्थ.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, ती जप करत नव्हती. ती बोलत होती. नवी नवरी होऊन आली तेव्हा घर माणसांनी भरलेलं. सासूसमोर बोलायची सोय नाही, सासऱ्यासमोर तर नाहीच. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की मागाशेजारी बसून काहीही बोललं तरी ते मागच गिळून टाकतो. तेव्हापासून मनात येईल ते ती मागाला सांगू लागली. सासू-सासरे गेले, पोरं मोठी झाली, सवय तशीच राहिली. आणि अलीकडे ती मागाला सांगत होती, की तिला ऐकू कमी येऊ लागलंय. हे तिनं दुसऱ्या कोणालाही सांगितलं नव्हतं.

इकडे अण्णांच्या कानात बसल्या जागी शिट्टी वाजू लागली. अण्णांनी ते लगेच दोन्ही मुलांना फोनवर सांगितलं, कारण पुरुषाचं दुखणं फार काळ झाकून राहत नाही. थोरला महांतेश पुण्यात नोकरीला, धाकटा शशांक बेंगळुरूला. दोघंही बापावर जीव टाकणारे. दोघांनी एकमेकांना न सांगता एकच गोष्ट केली. देवीच्या यात्रेला घरी येताना दोघांनीही अण्णांसाठी बिनवायरचे, गोंगाट अडवणारे, भारीतले भारी इअरबड्स आणले.

जेवायला बसल्यावर दोघांनी आपापली डबी काढली. थोरल्याचे पांढरे, धाकट्याचे काळे. अण्णांनी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "बोंडं हाईत की ही! कापसाची नव्हं, कानाची." तेव्हापासून त्यांचं नाव बोंडं पडलं.

"अण्णा, माझी घाला," महांतेश म्हणाला. "शेजारी ढोल बडवला तरी पत्ता लागणार नाही. घरघर, खडखड, सगळं गिळतात."

"दादाची चांगलीच आहेत," शशांक म्हणाला. 'चांगलीच आहेत' असं भावानं म्हटलं की पुढे 'पण' येतो, तसा तो आला. "पण त्यात माणूस बहिरा होऊन बसतो. माझी गोंगाट अडवतात आणि माणसाचं बोलणं तेवढं आत सोडतात."

"शेडमध्ये बोलतंय कोण? अण्णा आणि आई. आणि आई तर जपात असते."

मग जी तुलना सुरू झाली ती काही विचारू नका. कोणाची बॅटरी जास्त टिकते, कोणाची कानात घट्ट बसतात, कोणाची डबी मिटताना झकास आवाज करते. एकानं मोबाइलवर एका परीक्षकाचा व्हिडिओ लावला, तर दुसऱ्यानं दुसऱ्याचा. पहिला परीक्षक पांढऱ्यांना डोक्यावर घेत होता, दुसरा काळ्यांना. या सगळ्यात महांतेशनं आईकडे दोनदा भात मागितला आणि आईनं दोन्ही वेळा ताक आणून दिलं. त्यानं ते न बघताच पिऊन टाकलं.

यात्रेचे दिवस असे गेले. देवीची पालखी दारावरून गेली तेव्हा दोघांनी एकाच वेळी हात जोडले, पण एकमेकांकडे पाहिलं नाही. अण्णांची पंचाईत झाली. एकाची बोंडं चांगली म्हणावं तर दुसरा दुखावतो. तरी ते मनातून खूश होते, आपल्या कानांसाठी पोरं भांडतायत म्हणून. माणूस कितीही म्हातारा झाला तरी लाडाला भुलतोच.

मुलं परत निघायच्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, "आज निकाल. शेडमध्ये घालून बघतो. तुमी दारात उभं ऱ्हावा."

त्यांनी उजव्या कानात पांढरं बोंड घातलं आणि डाव्या कानात काळं.

"अण्णा, असं नसतं!" दोन्ही मुलं एकदम ओरडली. बऱ्याच दिवसांनी त्यांचं एकमत झालं होतं.

"का न्हाई?" अण्णा म्हणाले. "दोन पोरं, दोन कान. देवानंच वाटणी करून दिलीया."

ते शेडमध्ये गेले. चारही माग चालू होते. महांतेशनं दारातून फोनवर बोटं फिरवून पांढरं बोंड चालू केलं, शशांकनं काळं. आणि अण्णांच्या कानांतून माग निघून गेले. धोटे समोर पळत होते, पण त्यांचा आवाज लांबच्या गल्लीतून यावा इतका बारीक झाला. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शेडमध्ये आपलाच श्वास ऐकला. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते एकटेच हसले.

तेवढ्यात डाव्या कानात कोणीतरी बोललं.

"बघा, बघा ध्यान! एक कान पांढरा, एक काळा. आणि हसतंय कसं गालात."

अण्णांनी मागं वळून पाहिलं. कोपऱ्यात कलावती मान खाली घालून कांडी भरत होती. तिचे ओठ हलत होते.

अण्णांच्या हातातली कांडी हातातच राहिली. हा जप कुठल्या देवीचा, हे त्यांना कळेना. कलावती बोलतच होती.

"हसू दे बाई. जन्मभर राबलंय माणूस. कधी हात उगारला न्हाई, कधी ताटावरनं उठला न्हाई. कानाला आराम पडला तर बरंच हाय. पोरंबी गुणाची. बापाचं दुखणं कळलं तशी पळत आली."

अण्णांना भरून आलं. इतकी वर्षं ही बाई आपल्याबद्दल असं बोलते आणि आपल्याला पत्ता नाही! पुढचं ऐकायला ते नकळत एक पाऊल मागं सरले. एका मागावर तार तुटली, तिकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. कापडात एक उभी रेघ पडत गेली. अण्णांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"पण माझं कुणाला सांगू?" कलावती म्हणाली. "परवा पुण्याची नात फोनवर रडत होती. खेळताना पडली, गुडघा फुटला म्हणून सांगत होती लेकरू. मला वाटलं, कविता म्हणतीया. मी म्हटलं, लई छान, आणखी एक म्हण. लेकरू गप झालं. तिच्या आईनं फोन घेतला तवा कळलं मला. मी बी ह्याच शेडमधी बसते. ह्योच खडखडाट. कधी कुणी इचारलं का, कला, तुझं कान बरं हाईत का? ह्यांनी तरी इचारलं का?"

आणि तिनं मान वर करून अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी मान डोलावली. सवयच ती. चालू दे, चालू दे. डोलावता डोलावता त्यांना कळलं, की आपण काय करतोय. आजवर अशा किती प्रश्नांना आपण नुसती मान डोलावली असेल, असं त्यांच्या मनात आलं.

आता अण्णांना गप्प बसता आलं असतं. बोंडं काढून म्हणता आलं असतं, दोन्ही छान आहेत. मुलं खूश होऊन गेली असती, आणि कलावतीचं गुपित मागापाशीच राहिलं असतं. अण्णा भिंतीकडे गेले आणि त्यांनी मोठं बटन बंद केलं.

चारही माग थांबले. कलावतीची मान पुन्हा खाली गेली होती. माग थांबलेत हे कळायला तिला क्षणभर उशीर झाला. त्या क्षणात तिचं पुढचं वाक्य खडखडाटात बोलायच्या सवयीच्या आवाजात शेडभर घुमलं, दारातल्या मुलांपर्यंत गेलं, आणि थेट गल्लीतही गेलं.

"माझं कान काय लाकडाचं हाईत?"

मग तिनं वर पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. दारात महांतेश आणि शशांक उभे होते. दोघांच्याही हातात मोबाइल होता आणि दोघांनाही तो कुठं ठेवावा ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात रीतीप्रमाणे शेजारचे गंगाधरराव अंगावरचं सूत झटकत धावत आले. "अण्णा! काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं न्हाई," अण्णा म्हणाले. "आमची ही बोलतीया. मी ऐकतोय."

गंगाधरराव आपल्या शेडकडे परत वळले. त्यांच्या घरीही एक बाई कांड्या भरत असे, आणि तिचेही ओठ हलत.

अण्णा कलावतीसमोर जमिनीवर बसले. डाव्या कानातलं काळं बोंड काढून त्यांनी आपल्या धोतराला पुसलं. "कला, तुझा जप चाललाय असं समजून म्या कधी तुझ्याशी बोललो न्हाई," ते हळू म्हणाले.

"काय?" कलावती म्हणाली.

अण्णांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, तिच्या कानाजवळ जाऊन. तेव्हा ती हसली, आणि हसता हसता रडली.

दुपारची गाडी मुलांनी सोडून दिली. दोघांनी मिळून आईला तालुक्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत महांतेशनं आपली पांढरी बोंडं आईच्या पिशवीत टाकली. शशांकनं हळूच आपली काळी तिथंच टाकली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

परत आल्यावर शशांकला राहवेना. "अण्णा, पण चांगली कुठली? खरं सांगा."

अण्णा म्हणाले, "थोरल्याच्या बोंडानं माग घालवला, धाकट्याच्या बोंडानं तुमची आई आणली. एकट्यानं न्हाई भागलं. पण दोघांचाबी नंबर दुसरा."

"मग पहिला कोणाचा?"

अण्णांनी भिंतीवरच्या बटनाकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून त्या शेडमधले माग दुपारच्या चहाला थांबतात, वीज असली तरी. पहिले काही दिवस शेजारी धावत आले. आता येत नाहीत. एकेका घरचे माग त्या वेळी थांबू लागलेत, आणि गावात तेवढा वेळ माणसं हळू आवाजात बोलायला शिकतायत.

तात्पर्य: जगाचा गोंगाट अडवणारी वस्तू बाजारात निवडून आणता येते, पण आपल्या माणसाचं ऐकायचं असेल, तर आपला माग आपल्याच हातानं थांबवावा लागतो.