नांदरुखाचा पार

एका राज्यात आलेले ते वादळ मी पाहिलेले नाही, आणि तेथला बोलणारा तांबट पक्षीही मी ऐकलेला नाही. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्या सांगण्यात जेवढे जुळते, तेवढेच सांगते.

त्या राजनगराला वातकेतु मांत्रिकाचा शाप होता. नगर वसवताना त्याचे अरण्य तोडले गेले, तेव्हा तो म्हणाला होता, "येथे वादळात वृक्ष पडेल तो माणसावरच पडेल. पडलेल्या वृक्षाखाली माणूस सापडणार नाही, त्या दिवशी शाप सरेल."

वृक्ष पडूच नयेत म्हणून नगरजनांनी त्यांना पार बांधले. मूल जन्मले की दारच्या झाडाच्या पारात एक दगड बसवायचा; तो हलला तर मूल दगावते, अशी समजूत. पिढ्यान्‌पिढ्या पार रुंदावत गेले, आणि दर वादळात झाडे पडतच राहिली.

एके सकाळी तो बोलणारा तांबट राणी चारुमतीच्या गवाक्षात येऊन बसला.

"राणी, अमावास्येला वादळ येत आहे. झाडे मी आतून ओळखतो. दगडांखाली मुळे घुसमटली आहेत. तीन कामे कर. पार उकल. जड फांद्या उतरव. राजवाड्यासमोरचा नांदरुख वृक्ष पोखरलेला आहे, तो वाचणार नाही. त्याच्याखालची घरे रिकामी कर."

पार उकलायला कोणी पुढे येईना. नांदरुखाखाली राहणारी गोदाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्या लेकरांचे दगड उचलायला निघालात, राणीसाहेब? आधी कौमुदीचा उचला की!"

कौमुदी राणीची एकुलती मुलगी. राणीने स्वतः पहार घेतली. कौमुदीचा दगड निघाला. खालची मुळे काळी पडून एकमेकांत गुरफटली होती. ते पाहून लोक पुढे झाले आणि नगरभर पहारी चालू लागल्या.

त्याच संध्याकाळी कौमुदीला ताप भरला.

पहारी थांबल्या. प्रधान हात जोडून म्हणाला, "महाराणी, दगड परत बसवावा."

"बसवून ताप उतरला नाही, तर मग काय बसवाल?"

"आणि उतरला तर?"

मुलीच्या कपाळावरची ओल्या फडक्याची घडी बदलून राणी म्हणाली, "पार पुरे उकला. मग फांद्या उतरवा."

अमावास्या उजाडली. पश्चिमेचे आभाळ तांब्यासारखे झाले. दोन कामे झाली होती. तिसऱ्यात नांदरुखाखालची बाकीची घरे रिकामी झाली; गोदाक्का मात्र उंबऱ्यात ठाण मांडून बसली होती.

"या घरात माझी हयात गेली. मी नाही हलायची."

"आक्का, कौमुदी तापात आहे आणि मी तुमच्या दारात उभी आहे."

गोदाक्का गाठोडे बांधून उठली. "राजवाड्यातली आमटी अळणी असते म्हणतात. तसं निघालं तर परत येईन, सांगून ठेवते."

वादळ दुपारी आले. नगरातले वृक्ष वाकले, कडाडले, पण उभे राहिले. नांदरुख तेवढा उन्मळला आणि खालच्या रिकाम्या घरांवर आडवा झाला. सैनिकांनी छपरे उचलली, भिंती उपसल्या. खाली कोणीही नव्हते. त्याच क्षणी वारा पडला आणि शाप सरला.

कौमुदीचा ताप पहाटे उतरला. तो का आला होता, हे राजवैद्यालाही सांगता आले नाही.

राणीने आज्ञा काढली: बुंध्याशी दगड रचू नये, दरवर्षी फांद्या उतरवाव्यात, वादळात आसरा घ्यायची घरे आधीच ठरवावीत. आज्ञा आजवर पाळली जाते. मात्र घुसमटलेली मुळे पुन्हा खोल गेली की नाही, हे त्या नगरात कोणालाही ठाऊक नाही.