हळदीचा दोरा

पूर्वी चंपावती नगरात दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मले होते. त्यांचे नाव भद्रक. त्या नगरात दर उन्हाळ्यात देवीची साथ येई आणि लहान मुले दगावत. साथीआधी दंडावर औषधाची सुई टोचून घेतली, तर माणूस बहुधा वाचे. वडिलांनी भद्रकाला एक नियम घोटून घोटून शिकवला होता. सुई उचलण्याआधी मानेवर तळवा ठेवायचा. अंग तापलेले लागले तर सुई खाली ठेवायची आणि दहा दिवसांनी पुन्हा यायचे.

उन्हाळ्याआधी सगळ्यांना टोचून व्हावे, अशी राजाला घाई झाली. त्याने वैद्यांना सांगितले, "ज्याला टोचाल त्याच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधा. त्याच दोऱ्याचा अर्धा तुकडा कोठारात आणून द्या आणि तुकड्यामागे एक नाणे घेऊन जा." राजाचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूनेही केवढे वाटोळे करता येते, ते ऐका.

राजवैद्य पिंगलक सकाळी निघे तो दुपारपर्यंत शंभर दोरे बांधून येई. मानेवर तळवा ठेवायला त्याला वेळ नव्हता. बुरुडाच्या तापलेल्या मुलाला त्याने टोचले. तिसऱ्या दिवशी मूल गेले. पिंगलकाने त्याच्याही दोऱ्याचे नाणे घेतले होते, आणि ते परत करावे असे त्या निर्लज्जाला सुचलेही नाही. गावाला मात्र सगळे कळले. घरोघरची दारे बंद झाली.

बोधिसत्त्व विणकरांच्या आळीत गेले. उत्पला नावाची विधवा मागावर बसली होती. तिची सहा वर्षांची सुमना शेजारी सुताच्या कांड्या भरत होती.

उत्पला म्हणाली, "वैद्यबुवा, माझ्या पोरीला टोचलंत तर तुम्हाला काय मिळतं?"

"एक नाणं."

"आणि तिला बरं नाही म्हणून परत गेलात तर?"

"काही नाही."

"मग तिला बरं आहे की नाही, हे मी तुमच्या तोंडून कसं खरं मानू?"

बोधिसत्त्वांना खोटे सांगता आले असते. ते म्हणाले, "तुझं बरोबर आहे, बाई. पण औषध खरं आहे." उत्पलाने मान खाली घालून धोटा फेकला आणि पुन्हा विणू लागली. ते तिच्यावर रागावले नाहीत. त्यांचा सगळा राग राजवाड्याकडे निघाला होता.

दरबारात त्यांनी आपल्या दोऱ्यांचे तुकडे राजासमोर टाकले. "महाराज, मी तीस वर्षं या गावात सुई घेऊन फिरतो आहे. मला पाहून लोक दंड पुढे करायचे. तुम्ही माझ्या शब्दाला दाम लावलात आणि त्याची किंमतच गेली. वैद्याला ठरलेलं धान्य द्या. तो टोचो की परत पाठवो, धान्य तेवढंच. ज्याला 'नको' म्हणायची मोकळीक आहे, त्याच्याच 'घे' वर माणसं विश्वास ठेवतात."

पिंगलक म्हणाला, "नाण्याशिवाय हे वैद्य उन्हात फिरतील का, महाराज?"

"तू फिरू नकोस," बोधिसत्त्व म्हणाले. "बुरुडाच्या दारावरून तर मुळीच जाऊ नकोस."

राजा शरमला. त्याने नाणे बंद केले, धान्य ठरवले आणि पिंगलकाला काढून टाकले. पण हे व्हायला नऊ दिवस लागले. बोधिसत्त्व विणकर आळीत परतले, तेव्हा सुमनाच्या अंगभर फोड आले होते. त्यांनी पाच दिवस तिच्या उशाशी बसून पाणी पाजले. सहाव्या दिवशी ती गेली.

उत्पला रडली नाही. आळीतल्या बायांना हाक मारून ती म्हणाली, "पोरं घेऊन या. या माणसानं मला खरं सांगितलं होतं." मग बोधिसत्त्वांकडे वळून म्हणाली, "ते नाणं मध्ये नसतं तर मी तेव्हाच ऐकलं असतं. तुमच्या राजाला एवढं सांगा."

पहिला दंड तिने स्वतःचा पुढे केला. बोधिसत्त्वांनी आधी तिच्या मानेवर तळवा ठेवला.

ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तो दृढसेन म्हणजे आज आपल्याला विहार बांधून देणारा श्रेष्ठी. पिंगलक म्हणजे दान मोजून उपदेश करणारा, परवा संघ सोडून गेलेला तो भिक्षू. उत्पला म्हणजे दारात उभी असलेली ही वृद्ध उपासिका. भद्रक वैद्य मीच होतो. स्वतःचे नुकसान होत असतानाही खरे बोलणे, ही सत्यपारमिता."

एका भिक्षूने विचारले, "आणि सुमना?"

शास्त्यांनी दारातल्या उपासिकेकडे पाहिले. मग म्हणाले, "ती सहा वर्षांची होती. तिला वाचवता आले असते."