आईचा उपवास, लेकाचा फराळ

एका डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावात एक माउली राहत होती. तिचा लेक तान्हा असताना तापाने फणफणला, तेव्हा ती डोंगरावरच्या देवीला नवस बोलली होती, "याला बरं कर. मोठा झाला की स्वतःच्या पायांनी डोंगर चढून तुझ्यापुढे नारळ ठेवेल."

देवीने ऐकलं. लेक बरा झाला, वाढला. पण उंचीपेक्षा रुंदीनेच जास्त. चैत्रातल्या यात्रेला सगळे नवस फेडायला निघाले, तर अर्ध्या वाटेतच तो पायरीवर बसला. धापा टाकत म्हणाला, "आई, मला नाही जमत गं."

डोलीवाले पुढे आले. पण नवस तर पायी चढण्याचा! नारळ तसाच घेऊन मंडळी माघारी फिरली.

घरी येताच वादाला तोंड फुटलं.

"आजीनेच लाडावून ठेवलाय," बाबा म्हणाले.

"मी? अन् दर बाजाराला जिलेबीचा पुडा कोण आणतं रे?" आजी कडाडली.

"तो हलवाई वाटेतच दुकान मांडून बसतो, त्याला मी काय करू?"

लेक कोपऱ्यात मान खाली घालून ऐकत होता.

"भांडू नका," आई म्हणाली. "मी मंगळवार धरते. देवीच देईल त्याच्या पायांत बळ."

दर मंगळवारी ती कडक उपवास करू लागली. नैवेद्याला तुपातली साबुदाण्याची खिचडी, गोड रताळी, राजगिऱ्याचे लाडू. आरती झाली की "प्रसादाला नाही म्हणू नये, बाळा," असं म्हणत सगळं ताट लेकापुढे! स्वतः मात्र पाण्याच्या घोटावर. आई वाळत गेली, लेक आणखी जड झाला.

एका मंगळवारी लेक ताटाकडे बघत हळूच म्हणाला, "आई, उपवास तू करतेस आणि फराळ मी. मग डोंगर कसा चढायचा गं?"

आईच्या हातातला डाव थबकला.

संध्याकाळी तिने सगळ्यांना देवापुढे बसवलं. "हलवायाचं हलवायापाशी. ताट मी वाढते, तेव्हा आधी माझा हात आवरते. उपाशी राहणं मला सोपं होतं. आता अवघड व्रत धरायचंय."

"मग माझा लाडवांचा डबाही घे बाई," आजी पुटपुटली.

"जिलेबी बंद," बाबा म्हणाले. "आणि रोज संध्याकाळी मळ्यापर्यंत सगळे पायी जाऊ."

"मीही मागणार नाही," लेक म्हणाला. "म्हणजे... फार मागणार नाही."

सगळे हसले. मग घरात सर्वांना सारखीच भाजी-भाकरी आणि प्रसाद चिमूटभर. आईसुद्धा पोटभर जेवू लागली. कधी लेक रुसे, कधी आजीचा हात डब्याकडे जाई आणि परत येई. पण व्रत मोडलं नाही.

पुन्हा चैत्र आला. डोंगर चढताना लेक नेमका त्याच पायरीवर थांबला. आईही धापा टाकत खालच्या पायरीवर उभी राहिली.

तो मागे वळला. "दमलीस ना, आई? हात दे. थोडंच राहिलंय."

त्या दिवशी देवीपुढे नारळ ठेवताना आईला मागायला काही उरलंच नव्हतं.

तात्पर्य: दोष द्यायला सारं गाव मोकळं असतं, पण वाढणाऱ्याने हात आवरावा, खाणाऱ्याने पुरे म्हणावं आणि घराने सोबत चालावं, म्हणजे देवही पाठीशी उभा राहतो.