भोपळा पाण्यात पडण्याआधी

एकदा एका डोंगरमाथ्यावरच्या शाळेत नव्या दमाच्या एक शिक्षिका रुजू झाल्या. शाळेत टीव्ही होता, पण गावात नेटवर्कचा पत्ता नव्हता. म्हणून बाई दर रविवारी खालच्या बाजारगावी उतरत, चहाच्या टपरीवर बसून धड्यांना उपयोगी पडतील असे व्हिडिओ उतरवून घेत आणि सोमवारी पेनड्राइव्हवरून वर्गात लावत. ज्वालामुखी, देवमासा, फुलपाखराचा जन्म, काय म्हणाल ते त्यांच्यापाशी होते. नवा व्हिडिओ सापडला की त्यांना एवढा हर्ष होई, की समोरचा चहा निवून जाई.

मुले डोळे विस्फारून पाहत आणि संपल्यावर टाळ्या वाजवत. दुसऱ्या दिवशी मात्र ज्वालामुखीबद्दल त्यांना एवढेच आठवे, की सांगणाऱ्या काकांच्या शर्टावर पोपट होते. प्रश्न तर कोणी कधी विचारलाच नाही. बाईंना याची खंत होती, पण त्यांना सुचणारा उपाय एकच होता, आणखी व्हिडिओ.

अशात केंद्रप्रमुखांचा निरोप आला. टीव्हीचा मुलांना काय उपयोग होतो ते सोमवारी येऊन पाहतो. होत नसेल तर तो खालच्या मोठ्या शाळेला देऊ. बाईंच्या मनात आले, टीव्ही गेला तर या मुलांना समुद्र कोण दाखवणार?

त्या धावत पळत आपल्या लहानपणीच्या गुरुजींकडे गेल्या. गुरुजी आता थकले होते, शेजारच्याच गावात राहत.

"तुम्ही नुसते वर्गात बसलात तरी मला धीर येईल," बाई म्हणाल्या.

"बसतो की. पण रिमोट माझ्या हातात देशील?"

म्हाताऱ्या माणसाची हौस असेल, असे समजून बाईंनी हो म्हटले.

सोमवारी केंद्रप्रमुख खुर्चीवर विराजमान झाले आणि पाठ सुरू झाला. विषय होता तरंगणे आणि बुडणे. पडद्यावरच्या माणसाने काचेच्या टाकीवर एक भला थोरला तांबडा भोपळा धरला. "चला पाहूया, हा बुडतो की तरंगतो," असे म्हणून त्याने हात सोडला, आणि नेमके तेव्हाच गुरुजींनी बटण दाबले. भोपळा हवेतच थांबला.

"गुरुजी, चुकून दाबलं गेलं का?" बाईंनी हळूच विचारले.

"नाही," गुरुजी म्हणाले आणि खुशाल खिडकीबाहेर पाहू लागले.

मग मागच्या रांगेतून हौसा पुटपुटली, "बुडणार. केवढा जड हाय."

"येडी का काय," रोहिदास म्हणाला. "भोपळा आतून पोकळ असतोय. तरंगणार."

"आन् बटाटा?" कोणीतरी मधेच विचारले.

झाले. अर्धा वर्ग इकडे, अर्धा तिकडे, आणि कोणी कोणाचे ऐकेना. हौसा उठून उभी राहिली. "बाई, आमच्या मांडवावर भोपळा हाय. आणू का?"

बाईंनी केंद्रप्रमुख साहेबांकडे पाहिले. त्यांच्या कपाळावर आठी होती. टीव्ही आता जातोच, असे बाईंना वाटले. पण समोर ही पोरे, जी आजवर हूं की चूं करत नव्हती, चक्क भांडत होती.

"पळ," बाई म्हणाल्या.

हौसा भोपळा घेऊन आली. शाळेच्या खिचडीसाठी आणलेल्यांतला एक कच्चा बटाटा आला. शाळेच्या अंगणातल्या पाण्याच्या हौदाभोवती सारा वर्ग लोटला, आणि साहेबही टाचा उंचावून पाहू लागले. "बुडणार. माझं ठाम मत आहे," ते म्हणाले.

भोपळा पडला, क्षणभर दिसेनासा झाला आणि उसळून वर आला. साहेबांचा शर्ट चिंब भिजला. एवढासा बटाटा मात्र थेट तळाशी गेला. मग प्रश्नांची नुसती झुंबड उडाली. भोपळा चिरून टाकला तर? बटाटा आतून पोखरला तर? इतक्या महिन्यांत बाईंनी हेच ऐकण्याची वाट पाहिली होती.

मग सगळे वर्गात परतले आणि गुरुजींनी व्हिडिओ पुढे सुरू केला. या वेळी पडद्यावरच्या माणसाच्या शर्टाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

"टीव्ही इथंच राहू द्या," साहेब बाही पिळत म्हणाले.

सगळे पांगल्यावर बाईंनी विचारले, "गुरुजी, इतका चांगला व्हिडिओ होता. मधेच का तोडलात?"

"चांगला होता म्हणूनच, पोरी. त्या माणसानं प्रश्न विचारला आणि दम न घेता उत्तरही देणार होता. तू कष्टानं उत्तरं साठवून आणतेस. जरूर आण. माझ्या वेळी हे असतं तर मीसुद्धा दर रविवारी डोंगर उतरलो असतो. पण उत्तराच्या आधीचा जो क्षण असतो, तो मुलांचा असतो. तेवढा त्यांना देत जा."

पुढच्या सोमवारी पडद्यावर कोणीतरी जळत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालत होते. कुठे थांबवायचे हे बाईंनी आदल्या दिवशीच ठरवून ठेवले होते. ती जागा अजून आली नव्हती, तोच हौसा ताडकन उभी राहिली.

"बाई, थांबवा. आधी आम्हाला सांगू द्या."

बाईंनी बटण दाबले.