झिलूच्या बाहुलीचं माहेर

फार वर्षांपूर्वी, नेरशी गावात अजून रॉकेलचे दिवे जळत होते तेव्हा, तिथं झिलू बाहुलेकर नावाचा माणूस होऊन गेला. तो पांगाऱ्याच्या लाकडाच्या बाहुल्या कोरायचा आणि देवळापुढे दोऱ्यांवर नाचवायचा. त्याची बायको भागीरथी पडद्याआडून त्यांचं बोलणं बोलायची. असं म्हणतात, की झिलूची बाहुली रडू लागली की पुढच्या रांगेतल्या बायका तिचे डोळे पुसायला उठायच्या.

एका वर्षी झिलू तापानं फणफणला. ताप उतरला, पण हातांचा कंप गेला नाही. दोऱ्या गुंतायच्या. राजा भर दरबारात थरथरायचा आणि लोक तोंड फिरवून हसायचे. झिलूनं बाहुल्यांची पेटी माळ्यावर टाकली.

त्याच साली भागीरथीचं माहेर, आवळेघोळ, धरणाच्या पाण्याखाली गेलं. ती काठावर जाऊन आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माका माझा घर एकदा परत बघूचा होता."

"मी दाखयतंय तुका," झिलू बोलून गेला, आणि मग विचारात पडला.

तंबूत सिनेमा दाखवणारे शिंत्रे तेव्हा गावात उतरले होते. त्यांच्याकडे एक जुना कॅमेरा होता, हँडलच्या एका फेऱ्याला एकच चित्र घेणारा. शिंत्रे म्हणाले, "बाहुली जराशी हलवायची, चित्र घ्यायचं. पुन्हा हलवायची, पुन्हा घ्यायचं. सगळी चित्रं भराभर दाखवली की ती आपोआप चालते."

"चित्र घेताना बावलेक हात लावूचो नाय?"

"अजिबात नाही."

झिलू आपल्या हातांकडे बघत राहिला. शिंत्रे कॅमेरा त्याच्यापाशी ठेवून गेले, आणि पेटी खाली आली.

भागीरथी आठवून सांगायची आणि झिलू कोरायचा. नदीचा घाट, वर जाणारी वाट, शेवगा, अंगण. "पायऱ्यो सात नाय, आठ," ती म्हणायची, की तो आठवी करायचा. घर उभं राहिलं, तेव्हा माहेरवाशीण बाहुली घाटावरून निघाली. झिलू एका हातानं दुसरं मनगट धरून तिला केसभर सरकवायचा आणि भागीरथी हँडल फिरवायची. तीन वर्षं हेच. असं म्हणतात, की त्या लाकडी शेवग्याला दरसाल शेंगा धरत.

शिंत्र्यांच्या तंबूत सिनेमा लागला तेव्हा लोक आधी वर दोऱ्या शोधत राहिले. बाहुली आठ पायऱ्या चढून अंगणात आली, आणि भागीरथी उठून थेट पडद्यापाशी गेली. तिनं पडद्यावरच्या घराच्या दाराला हात लावला. असं म्हणतात, की आतून कुणीतरी "इलंस गे?" असं विचारलं आणि ते साऱ्या तंबूनं ऐकलं.

पुढच्या वर्षी बाहुलीला घरात न्यायचं झिलूनं ठरवलं होतं, पण त्याआधीच तो गेला. गावकरी म्हणाले, उरलेलं आम्ही करतो. भागीरथी म्हणाली, "करा. पण तिका भितर न्हेव नका. भितर गेला काय संपला. आंगणातच रवांदे."

अजून माघात झिलूच्या तिथीला नेरशीतल्या घराघरातून एकेक माणूस देवळात ठेवलेल्या त्या अंगणापाशी येतो, बाहुलीला एकदा केसभर हलवतो आणि हँडलचा एक फेरा देतो. एवढ्या घरांचं मिळून वर्षाकाठी पडद्यावरचं पाचसहा क्षणांचं काम होतं. आजवर तिनं अंगण झाडलंय, तुळशीला पाणी घातलंय. गेल्या साली अबोली तोडली. यंदा ती केसांत माळणार की तुळशीला वाहणार, यावर गाव अजून भांडतंय.