तपासनीस आणि उलटी वाहणारी नदी

फार जुनी गोष्ट आहे. डोंगरांनी वेढलेल्या एका लहानशा राज्यात एक राणी राज्य करत होती. तिला शाळांची फार हौस. जिथे चार घरे, तिथे तिने शाळा काढली होती.

शाळा बऱ्या चालल्या आहेत की नाहीत हे पाहायला एक तपासनीस होता. वर्षातून एकदा तो घोड्यावर बसून प्रत्येक गावी जाई. मुले रांगेत उभी राहत. तपासनीस पाढे विचारी, श्लोक म्हणायला लावी. जिथे कोणी अडखळले नाही, त्या शाळेच्या छपरावर जरीचे निशाण लागे. आणि जिथे तीन वर्षे निशाण लागले नाही, ती शाळा बंद होई.

मग गावांनीही आपली रीत काढली. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सारवायची, दारात रांगोळी घालायची आणि पाढ्यांत कच्ची असलेली मुले मामाच्या गावी पाठवून द्यायची. त्या दिवसांत मामांची घरे कशी भरून जात!

एकदा राणीकडे तिची बालमैत्रीण आली. तिने विचारले, "तुझ्या शाळा कशा आहेत गं?"

"उत्तम! कितीतरी छपरांवर निशाणं आहेत."

"छपरांचं कळलं. मुलं कशी आहेत?"

राणीने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तिच्या लक्षात आले, की आपल्याला ठाऊकच नाही. ती गोष्ट तिच्या मनात काट्यासारखी सलत राहिली.

तिने तपासनिसाला बोलावले. "या वर्षी तुम्ही काही विचारायचं नाही. प्रश्न मुलं विचारतील, उत्तरं तुम्ही द्या."

तपासनीस गोंधळला. "राणीसाहेब, मग मला कळणार काय?"

"तेच मलाही पाहायचंय. आणि हो, प्रत्येक शाळेत एक उत्तर मुद्दाम चुकीचं द्या. ते मात्र कोणाला सांगू नका."

दवंडी पिटली. 'यंदा प्रश्न मुलांनी विचारायचे हो!'

नदीकाठच्या मोठ्या गावात एक नावाजलेली शाळा होती. तिच्या छपरावर निशाणे दाटीवाटीने फडकत. तिथल्या पंतोजींनी दवंडी ऐकली आणि रात्रंदिवस खपून सुंदर सुंदर प्रश्न तयार केले. एकेका मुलाला एकेक प्रश्न वाटून दिला आणि घोकून घेतला.

तपासनीस आला. मुले रांगेत उभी होती. पहिल्याने खणखणीत आवाजात विचारले, "आकाश निळे का दिसते?" तपासनिसाने जमेल तसे सांगितले. सगळी शाळा एका सुरात म्हणाली, "समजलं, महोदय!"

दुसऱ्याने विचारले, "नदी डोंगराकडून समुद्राकडे का वाहते?"

तपासनिसाला राणीचे शब्द आठवले. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "छे! नदी समुद्राकडून निघते आणि डोंगरावर चढते."

"समजलं, महोदय!"

खिडकीबाहेर नदी खळाळत होती, उताराकडे. खिडकीशी उभ्या असलेल्या एका मुलाने तिच्याकडे पाहिले, मग तपासनिसाकडे पाहिले. त्याने तोंड उघडले. पंतोजींनी भुवई उंचावली. मुलाने तोंड मिटले.

तपासनीस घोड्यावर बसला, पण ते मिटलेले तोंड काही त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढचे गाव होते कुंभारवाडी, नदीच्या पलीकडे. तिथल्या शाळेला दोन वर्षे निशाण मिळाले नव्हते. यंदा मिळाले नाही तर शाळेला कुलूप लागणार होते. मग मुलांना नदी ओलांडून मोठ्या गावच्या शाळेत जावे लागले असते. पावसाळ्यात नदी ओलांडता येत नसे, आणि मुलींना तर इतक्या लांब कोणीच पाठवले नसते. शाळेच्या बाईंना त्या काळजीने घास गोड लागत नव्हता.

तपासनीस अंगणात उतरतो न उतरतो तोच मुलांनी त्याला गराडा घातला.

"आजोबा, तुमचा घोडा उभ्यानेच झोपतो का?"

"आजोबा, तुम्ही सगळ्यांना तपासता, मग तुम्हाला कोण तपासतं?"

"अरे, त्यांना बसू तर द्या!" बाई ओरडल्या. पण ऐकतो कोण!

येसू नावाची एक मुलगी त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. "माठातलं पाणी गार होतं, मग तांब्याच्या हंड्यातलं का होत नाही?"

तपासनीस खाकरला. "माठ काळा असतो ना, म्हणून."

मग एकदम कल्ला झाला.

"आमच्याकडे लाल माठ आहेत, त्यांतलंही गारच असतं!"

"आणि आमचा तवा काळाकुट्ट आहे, तो कुठं गार असतो?"

येसू त्याच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, ठाऊक नसेल तर नाही म्हणा. आमच्या बाई रागावत नाहीत."

तपासनिसाला हसू आवरेना. "मग खरं काय आहे ते तुम्ही सांगा."

"आम्हालाही पुरतं कळलेलं नाही," बाई म्हणाल्या. "शोधतोय."

मुले त्याला ओढतच ओसरीवर घेऊन गेली. तिथे दोन सारखे माठ टांगलेले होते. एक साधा होता, पाझरून बाहेरून ओला झालेला. दुसऱ्याला मुलांनी बाहेरून तेल चोपडले होते, तो कोरडा होता. तपासनिसाने दोन्हींतले पाणी पिऊन पाहिले. साध्या माठातले गार होते. तेलाच्या माठातले कोमट.

"म्हणजे गारवा पाझरण्यात आहे," तो पुटपुटला. "पण पाझरल्यानं गार का व्हावं?"

"तिथंच तर अडलंय ना!" येसू म्हणाली.

निघताना बाई घोड्यापर्यंत आल्या. त्यांनी पदराने कपाळ पुसले. "एक सांगते. पाढ्यांत आमची मुलं कच्ची आहेत. अक्षरही वेडंवाकडं आहे. मी कोणालाच मामाकडे पाठवलं नाही. जे आहे ते तुम्ही पाहिलंत. शाळा राहील का हो?"

"ते राणीसाहेब ठरवतील," तपासनीस म्हणाला आणि घोड्यावर बसला.

राणीने सगळे ऐकून घेतले. नदी डोंगरावर चढल्याचे ऐकून ती खळखळून हसली, आणि खिडकीतल्या मुलाचे ऐकून तिचे हसू मावळले.

"मग यंदा निशाण कोणाला द्यायचं?"

"कोणालाच नको, राणीसाहेब," तपासनीस म्हणाला. "एका शाळेत पाढे पक्के आहेत, पण डोळ्यांसमोरची नदी दिसत नाही. दुसरीत नजर तरतरीत आहे, पण पाढे लंगडतात. कुलूप लावून यातलं काय सुधारेल? आणि त्या मोठ्या शाळेचं खापर पंतोजींवर कशाला? मी जे विचारत आलो, तेच त्यांनी शिकवलं."

राणीने निशाणे उतरवली. कुंभारवाडीची शाळा उघडीच राहिली. एका हंगामासाठी पंतोजींनी कुंभारवाडीत शिकवायचे आणि बाईंनी मोठ्या गावात, असे ठरले. पंतोजी धुसफुसले, "या वयात मी मडकी बघत बसू?" पण महिन्याभरात ते येसूशी माठावरून तावातावाने वाद घालताना दिसले. वाद संपला की पाढे म्हणून घेत, तेही न चुकता.

राणीने आणखी एक रीत घातली. ज्या प्रश्नाचे उत्तर शाळेला अजून सापडलेले नाही, तो खडूने शाळेच्या दारावर लिहायचा. येणारा जाणारा वाचेल, कोणाला ठाऊक असेल तर आत येऊन सांगेल. तपासनीसही आधी दार वाचू लागला. जिथे मागच्या वर्षीचाच प्रश्न असे, तिथे तो जास्त दिवस मुक्काम करी. शिक्षा म्हणून नव्हे. मदत लागते म्हणून.

वर्ष सरले. तपासनीस पुन्हा नदीकाठच्या मोठ्या गावात आला. छपरावर काही नव्हते. दारावर मात्र सुंदर, वळणदार अक्षरात एक प्रश्न लिहिलेला होता. त्याखाली तो खिडकीतला मुलगा हाताला लागलेला खडू पुसत उभा होता.

'नदी खाली वाहते हे आम्ही रोज बघतो. मग गेल्या वर्षी तपासनीस आमच्याशी खोटे का बोलले?'

तपासनिसाने तो दोनदा वाचला. मग पागोटे काढून काखेत धरले, आत गेला आणि मुलांमध्ये जमिनीवर मांडी घालून बसला.

"चला," तो म्हणाला, "आज माझी तपासणी."

तात्पर्य: शाळा कशी आहे हे मुले काय पाठ म्हणतात एवढ्यावरून कळत नाही. चुकीचे उत्तर मिळाल्यावर 'असं कसं?' म्हणायला ती बिचकत नाहीत ना, हेही पाहावे लागते.