चार घरट्यांचं झाड

त्या मुलखात नद्या अर्धं वर्ष गोठलेल्या असत आणि राज्य एका भूर्जवृक्षावरून चाले. झाडावर एकाखाली एक अशी चार घरटी होती आणि त्यांत चार डोमकावळे भाऊ. थोरला शेंड्यावर, धाकटा तळाशी. वरचा गेला की प्रत्येकानं एक फांदी वर सरकायचं आणि आपलं घरटं खालच्यासाठी तसंच सोडायचं. पठारावरून ससाणे आले की शेंड्यावरून पहिली आरोळी उठे, मग दुसरी, तिसरी, चौथी. आपली पाळी येईपर्यंत कुणी चोच उघडत नसे. चार आरोळ्या ऐकून ससाण्यांना वाटे, झाडभर फौज आहे, आणि ते माघारी वळत.

तिसऱ्या घरट्यातल्या रणचंचूला मात्र थांबणं ठाऊक नव्हतं. शेंड्यासाठी त्याचा जीव नुसता तळमळत होता. त्यानं थोरल्याला मेजवानीचं खोटं आवतण सांगून पठारावर धाडलं. तो परतला नाही. सगळे एक फांदी वर सरकले. पुढं दुसऱ्याला विषारी मांस भरवलं आणि सगळ्यांत मोठ्यानं गळाही त्यानंच काढला. मेल्याला लाज म्हणून नव्हती!

सरकताना तो मागच्या घरट्याची काडी न् काडी उपसून नेई. तळाचं रिकामं घरटंही त्यानं सोडलं नाही.

“महाराज, एवढ्या काड्या राहू द्या,” घरट्याच्या बुडाशी राहणारी चिमणी काकुळतीला आली. “पोरांवर तेवढाच आडोसा आहे.”

“मी वर बसलो की माझी सावली तुमच्यावरच पडेल,” तो म्हणाला.

चिमण्या मुलूख सोडून गेल्या.

आता धाकटा तेवढा उरला होता. “दादा, ते मांस कुणी आणलं, मी पाहिलंय,” तो म्हणाला.

रणचंचूनं त्याचे डोळे फोडले आणि त्याला तळाच्या उघड्या बेचक्यात ढकललं. “मधल्या दोन फांद्यांवर आता माझे मुलगे बसलेत,” त्यानं बजावलं. “त्यांच्यामागून तुझी पाळी.” मुलगे कसले! उद्या पाळी मागतील म्हणून त्यानं आपली अंडीसुद्धा फोडून टाकली होती.

बर्फ वितळायच्या आतच ससाणे आले. शेंड्यावरच्या अवाढव्य घरट्यातून रणचंचूनं आरोळी ठोकली. झाड गप्प. त्यानं पुन्हा ठोकली.

“ओरडा! अरे, ओरडा ना!” खाली बघून तो किंचाळला.

तळाच्या बेचक्यात आंधळा भाऊ मान उंचावून, चोच मिटून, मधल्या दोघांच्या आरोळीची वाट बघत होता.